स्लॅब पडेपर्यंत

सिरोंचात पक्क्या बांधकामाचं कौतुक जरा जपूनच करतात. गावाजवळ गोदावरीवर कालेश्वरम प्रकल्पाचा मेडीगड्डा बंधारा आहे. 21 जून 2019 रोजी या प्रकल्पाचं उद्घाटन झालं, तेव्हा तेलंगणाच्या मुख्यमंत्र्यांबरोबर महाराष्ट्राचे आणि आंध्रचे मुख्यमंत्रीही हजर होते. ऑक्टोबर 2023मध्ये त्याच बंधाऱ्याचे काही खांब खचले. हजारो कोटींच्या प्रकल्पाचं काँक्रीट सव्वाचार वर्षांत गुडघ्यात वाकलेलं ज्यांनी काठावरून पाहिलं, त्या मुलखात एखादी ख्रिस्ती मंडळी वर्षानुवर्षं पत्र्याखाली उपासना करत असेल तर तिला कुणी हसत नाही. पत्रा खचत तरी नाही. उडतो, हे खरं. पण उडालेला पत्रा शेजारच्या शेतातून उचलून आणता येतो.

नव्या चर्चचं बालपण सगळीकडे साधारण सारखंच जातं. सुरुवातीला कुणाच्या तरी ओसरीत आठ-दहा जण बसतात. ओसरीचा मालक धन्य होतो. मग दाराशी चपला वाढतात, मुलं वाढतात, आणि दर रविवारी चहाला साखर किती लागते हे मालकिणीच्या ध्यानात येतं. मंडळी अंगणातल्या मांडवात सरकते, तिथून पत्र्याच्या शेडमध्ये. सिरोंचाच्या मे महिन्यात पत्र्याखाली नरकाचं वर्णन करायला पास्टरला फार शब्द खर्चावे लागत नाहीत. जुलैत पाऊस पत्र्यावर असा ताशा वाजवतो की प्रवचन पहिल्या रांगेपुरतं उरतं. मागचे लोक ओठांकडे बघून अंदाजानं 'आमेन' म्हणतात.

आणि मग ती अवस्था येते, जिच्यात बहुतेक मंडळ्या आपलं निम्मं आयुष्य काढतात. प्लिंथ झालेला, कॉलम उभे, कॉलमच्या डोक्यावर सळया आभाळाकडे हात पसरून, आणि कुणाला लागू नयेत म्हणून त्या सळयांवर पालथ्या घातलेल्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. बांधकाम समिती असते. समितीत अध्यक्ष, खजिनदार आणि ज्याचा मेहुणा कधीतरी ओव्हरसियर होता असा एक जाणकार असतो. पुढच्या नाताळला स्लॅब पडणार, हे दर नाताळला जाहीर होतं.

या सळयांखाली बसणाऱ्यांना धीर येईल असा इतिहास सिरोंचाच्या पदरात आहे. गडचिरोलीपासून दोनशेहून जास्त किलोमीटरवर, गोदावरी-प्राणहितेच्या बेचक्यात बसलेलं हे तेलुगू बोलणारं गाव. इंग्रजांनी 1860 नंतर काही वर्षं ते अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्यालय केलं होतं. तिथल्या कॅप्टन ग्लासफर्ड या डेप्युटी कमिशनरचं नाव तालुक्यातल्या ग्लासफोर्डपेठ्यात आजही नांदतं आहे. 1890च्या दशकात इथे अमेरिकेचे मेथडिस्ट मिशनरी आले. आणि वीट रचायला पैसा कुठून आणायचा, या विषयात मेथडिस्टांचा हात जगात कुणी धरू शकत नाही. त्यांचं अर्धं अध्यात्मच मुळी बांधकामाच्या कर्जातून आलेलं आहे.

ही अतिशयोक्ती नव्हे. पंथाचे जनक जॉन वेस्ली यांनी 1739 साली लंडनमध्ये हक्काची जागा म्हणून जे घेतलं तो होता तोफा ओतण्याचा पडका कारखाना. 1716 मध्ये तिथे स्फोट झाला होता, छप्पर उडालं होतं, तेव्हापासून जागा ओसाड होती. 115 पौंडांना सौदा झाला. जिथे तोफा ओतल्या गेल्या तिथे पुढची जवळजवळ चाळीस वर्षं भजनं झाली. त्याच वर्षी ब्रिस्टलमध्ये वेस्लींनी नवी इमारत उभारली आणि रीतसर कर्जात बुडाले. फेब्रुवारी 1742 मध्ये कर्ज फेडायचं कसं यावर बैठक बसली. कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थानं तोडगा सुचवला: प्रत्येक सभासदानं आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांना तेवढीही परवडणार नाही, असा आक्षेप आलाच. तेव्हा फॉय म्हणाला, सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. दर आठवड्याला मी त्यांच्या घरी जाईन, आणि ज्याच्याकडे नसेल त्याची पेनी मी भरीन.

आपल्या भिशीत असतो तसाच हिशेब. फरक इतकाच की वसुलीला गेलेला माणूस पेनीबरोबर बातमीही घेऊन येऊ लागला. अमका पुन्हा प्यायला लागलाय, तमक्याचं बायकोशी पटत नाही. वेस्लींच्या लक्षात आलं की माणसाच्या आत्म्याची खबर ठेवायची याहून नामी सोय नाही. बारा जणांचा एक वर्ग, त्याचा एक पुढारी, दर आठवड्याला भेट. मेथडिस्ट पंथाचा कणा म्हणून पुढे जगभर गाजलेला 'क्लास' तो हाच. जन्माला आला इमारतीच्या हप्त्यापोटी.

ही चिल्लर पुढे समुद्र ओलांडून गेली. 1869च्या मार्चमध्ये बॉस्टनमध्ये मुसळधार पावसात मूठभर मेथडिस्ट बायका जमल्या आणि त्यांनी परदेशातल्या कामासाठी स्वतःची संस्था काढली. वर्गणी काय, तर आठवड्याला दोन सेंट आणि एक प्रार्थना. बड्या धर्मसभेतल्या पुरुषांना हा खेळ वाटला असेल, पण दोन सेंट इतके जमले की बायका भारतात शिक्षिका आणि डॉक्टर पाठवू लागल्या. सिरोंचासारख्या आडगावात मुलींची शाळा आणि दवाखाना उभा राहिला तो अशा पैशावर. कुठल्या तरी अमेरिकन बाईनं साबणाच्या खर्चातून काढलेल्या दोन सेंटांचा चुना प्राणहितेच्या काठच्या भिंतीला लागला.

त्याच काळात अमेरिकेत मेथडिस्टांचं 'चर्च एक्स्टेन्शन' नावाचं खातंच होतं. नव्या वस्त्यांतल्या मंडळ्यांना ते कर्ज देई, आणि देवळाचे तयार नकाशे छापील कॅटलॉगमधून टपालानं विकत असे. इतक्या माणसांचं, लाकडाचं, मनोरा हवा असल्यास अमुक क्रमांक. या खात्याचे एक चिटणीस चार्ल्स मॅकेब. 1880च्या सुमारास अज्ञेयवादी वक्ते रॉबर्ट इंगरसॉल यांनी चर्चं मरायला टेकल्याचं सांगितल्याची बातमी मॅकेब यांनी रेल्वेच्या प्रवासात वाचली. त्यांनी वाटेतूनच तार ठोकली: आम्ही दिवसाला एकाहून जास्त चर्चं बांधतो आहोत आणि लवकरच दोनवर जाणार आहोत. धर्माच्या बाजूनं दिलेल्या या उत्तराचा सगळा भर बांधकामाच्या वेगावर होता.

सिरोंचाचं मिशन ज्यांच्या खटपटीनं सुरू झालं ते चार्ल्स बी. वॉर्ड मात्र तारा ठोकणाऱ्यांतले नव्हते. 1876 मध्ये ते भारतात आले, ते विल्यम टेलर यांच्या स्वावलंबी पठडीतून. मायदेशातून पगार घ्यायचा नाही, इथंच कमवायचं आणि इथंच घालायचं. आल्या आल्या समोर दुष्काळ. अनाथ मुलं गोळा झाली. त्यांना खायला घालायचं तर उत्पन्न हवं. वॉर्डसाहेबांनी निजामाच्या राज्यात रेल्वेच्या कामाची कंत्राटं घेतली. मातीचे भराव टाकायचे, मजुरांचे हिशेब करायचे, नफा मिशनला. सरकारी कंत्राटदार आणि धर्मोपदेशक या दोन भूमिका एका माणसात नांदल्याचं दुसरं उदाहरण शोधायला कष्ट पडतील. पहिल्या भूमिकेतल्या माणसाला दुसरीकडे जाण्याची गरज सहसा निवृत्तीनंतर वाटते. येल्लंदू, सिरोंचा आणि पलीकडे बस्तरात जगदलपूर, एवढ्या टापूत वॉर्ड यांचं काम पसरलं. आज सिरोंचाच्या एखाद्या पास्टरनं मिक्सर भाड्यानं दिला किंवा जेसीबीत भागी घेतली तर गावात कुजबुज होईल. पूर्वसूरींचं नाव सांगायला हरकत नाही.

आणि असा जोडधंदा एकट्या वॉर्ड यांचा नव्हता. पंडिता रमाबाईंना अमेरिकेतून मिळणारं दहा वर्षांचं साहाय्य 1898 मध्ये संपायचं होतं. ते ओळखून त्यांनी केडगावला जमीन घेतली ती फळबाग लावायला, म्हणजे संस्था स्वतःच्या उत्पन्नावर चालावी. मुक्ती मिशन आणि तिथलं क्रुसाच्या आकाराचं दगडी देवालय त्या बागेच्या जमिनीवर उभं राहिलं. बासेल मिशननं 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. कोकणातल्या कित्येक घरांवर, शाळांवर आणि देवळांवर पुढे जी कौलं चढली त्यांचा उगम एका जर्मन मिशनऱ्याच्या भट्टीत आहे. गोदावरीपलीकडच्या तेलुगू मुलखात मेदकचं कॅथेड्रल चार्ल्स पॉस्नेट यांनी दुष्काळात काढलेल्या कामावर उभारलं. भुकेल्याला फुकट वाढण्याऐवजी दगड उचलायला लावायचा आणि मग जेवू घालायचं. 1914 ते 1924, दहा वर्षं. मनोरा पावणेदोनशे फूट. रोजगार हमीतून इतकं उंच काही आपल्याकडे अजून निघालेलं नाही.

शेजाऱ्याचा खिसा हा आणखी एक जुना मार्ग. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रलची गोष्ट प्रत्येक बांधकाम समितीनं वर्षातून एकदा मोठ्यानं वाचावी अशी आहे. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिए यांनी 1670च्या दशकात काम काढलं, वर्गणी जमवली, 1677 मध्ये ते वारले, आणि जमलेल्या पैशाला वेगळे पाय फुटले. अर्धवट भिंती चाळीस वर्षं तशाच उभ्या. सळयांवर बाटल्या घालायची सोय तेव्हा नव्हती, एवढंच. 1714 मध्ये आलेल्या रिचर्ड कॉब या पाद्र्यानं प्रवचनातून सगळ्यांना लाजवलं, पुन्हा वर्गणी फिरवली, आणि 1718च्या नाताळला चर्च उघडलं. त्या सोहळ्याला आपल्या जातभाईंना घेऊन कोण हजर, तर हिंदू पुढारी रामा कामती. तीन वर्षांपूर्वी, 1715 मध्ये, याच गृहस्थांनी वाळकेश्वराचं देऊळ नव्यानं बांधून दिलं होतं. दोन्हीकडची पुण्याई पाठीशी असूनही पुढे कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं, तेही खोट्या पत्रांच्या आधारे.

पारशी तर या कामात कधीच मागे नव्हते. कुलाब्याच्या अफगाण चर्चचा मनोरा रेंगाळला होता, तेव्हा सर कावसजी जहांगीर यांनी 7,500 रुपये घातले आणि 1865 मध्ये टोक आभाळाला लागलं. वांद्र्याच्या माउंट मेरीची 1904ची इमारत आखली शापूरजी चंदाभॉय यांनी. मुंबईत मेणबत्ती कुणाचीही असो, नकाशा पारशाचा.

आता अमेरिका. तिथे प्रश्न सुटले असतील असं वाटतं, तर तिथे ते फक्त मोठ्या आकारात पडलेले आहेत. रॉबर्ट शुलर यांनी 1955 मध्ये कॅलिफोर्नियात गाडीत बसून सिनेमा पाहायच्या मैदानात, खाऊच्या टपरीच्या छपरावर उभं राहून प्रवचन सुरू केलं. पंचवीस वर्षांत त्यांनी क्रिस्टल कॅथेड्रल उभारलं: दहा हजारांवर काचा, आणि एकेक काच पाचशे डॉलरला देणगीदारांच्या नावे. 2010 मध्ये संस्थेचं दिवाळं वाजलं. इमारत पावणेसहा कोटी डॉलरला कॅथलिक धर्मप्रांतानं विकत घेतली. ह्यूस्टनच्या लेकवुड चर्चनं उलटी चाल खेळली. बास्केटबॉलचं अख्खं स्टेडियम भाड्यानं घेऊन 2005 मध्ये आत देव आणला आणि पाच वर्षांनी ते खरेदीही केलं.

काच विकायची युक्ती सिरोंचाला नवी नाही. इथे पंखे विकले जातात. छताला सहा पंखे लागतात. प्रत्येक पंख्याच्या पात्यावर लाल रंगात देणगीदाराचं नाव, वडिलांचं नाव, 'यांच्या स्मरणार्थ' आणि साल. पंखा बंद असताना मजकूर स्वच्छ वाचता येतो, सुरू झाला की सगळे पूर्वज एकात एक मिसळतात. म्हणून काही देणगीदार उपासनेच्या आधी जरा लवकर येतात आणि वीज गेली तर फारसे कुरकुरत नाहीत. भिंतीवरची फरशी, व्यासपीठ, साउंड सिस्टिम, पाण्याची टाकी, सगळ्यांवर नावं असतात. पायावर मात्र कुणाचंही नाव नसतं, कारण पाया दिसत नाही. समितीला नेहमी पायाचाच पैसा कमी पडतो.

तरीही पैशावाचून चर्च अडत नाही. तेंदूपत्त्याचा हंगाम येतो, मिरची तोडायला तेलंगणात गेलेले लोक एप्रिलनंतर परततात, कुणाला नोकरी लागते, कुणाचं बाळंतपण सुखरूप होतं. दशमांशाची पाकिटं फुगतात. सिमेंटची पोती माणशी एक अशी वाटून घेतली जातात. सळया हैदराबादकडच्या एखाद्या मंडळीकडून येतात. नदी दाराशी असून रेती विकत घ्यावी लागते, तीही घेतली जाते. परदेशातून कुणी पाठवायचं म्हटलं तर त्या डॉलरनं आधी नोंदणीकृत संस्थेच्या नावानं दिल्लीला स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेत उतरावं लागतं. सिरोंचाला यायला निघालेला डॉलर संसदेला वळसा घालून येतो.

अडतं ते जागेपाशी. मेथडिस्टांना इंग्रजी अमदानीत मिळालेली मोकळीढाकळी आवारं नव्या मंडळ्यांच्या नशिबी नाहीत. गडचिरोली जिल्ह्याचा तीन-चतुर्थांश भाग जंगल. उरलेल्यात सातबारा काढला की 'भोगवटादार वर्ग 2' हे शब्द डोळे वटारतात. आदिवासी मालकाची जमीन बिगरआदिवासीच्या नावे करायची तर जमीन महसूल संहितेचं कलम 36अ आडवं येतं: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, तिला आधी शासनाची मंजुरी. कलम योग्यच आहे. ते नसतं तर या भागात आदिवासींकडे एक वावरही उरलं नसतं. त्यातून वाचलं तर झुडपी जंगल. हा केवळ विदर्भाच्या कागदांत उगवणारा वृक्षप्रकार आहे. जागेवर एक झुडूप नसेल, बैल बांधलेले असतील, पण कागदावर जंगल असतं. आणि मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे जंगलच आहे यावर शिक्का मारला.

वनहक्क कायद्यात एक फट आहे, ती समितीतल्या जाणकाराला पाठ असते. ग्रामसभेनं शिफारस केली तर गावच्या सोयीसाठी एक हेक्टरच्या आत वनजमीन मिळू शकते, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत या अटीवर. कशाकशासाठी, याची तेरा नावांची यादी आहे: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेची लाइन, तळं, रस्ता वगैरे. देव त्यात नाही, कुठल्याच धर्माचा नाही. सामुदायिक केंद्र आहे. हे वाचल्यावर समितीत दोन मिनिटं शांतता पसरते, मग कुणीतरी म्हणतं, "आपणही समुदायच की." पास्टरगारू मान हलवतात. प्रामाणिकपणाचा प्रश्न असतोच, शिवाय केंद्र झालं की बारशापासून पक्षाच्या मेळाव्यापर्यंत सगळ्यांना द्यावं लागेल, हेही असतं. बरं, विचारल्याशिवायच बांधावं, तर 2011च्या शासन निर्णयानं अनधिकृत धार्मिक स्थळांच्या याद्या करायला लावल्या आहेत. त्या यादीत सगळे धर्म गुण्यागोविंदानं एकत्र नांदतात.

शेवटी मिळते ती कुणा सभासदाच्या घरामागची पाच-सहा गुंठे जागा. कागद कुणाच्या नावे करायचा यावर मंडळी दुभंगते की काय अशी वेळ येते. पास्टरच्या नावे केला तर उद्या पास्टरच्या मुलाचं काय? ट्रस्टच्या नावे केला तर दरवर्षी हिशेब, ऑडिट, आणि विकायचं झालं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी. वेस्लींनी यावरही उपाय काढला होता, जागा विश्वस्तांच्या नावे करायचा एक ठरावीक मसुदा. पण वेस्लींना तलाठी कार्यालयात फेऱ्या घालाव्या लागल्या नव्हत्या.

तोवर निधी वाढवत ठेवावा लागतो, आणि त्यासाठी कापणीच्या सणासारखा दिवस नाही. भाताची पहिली कणसं, मिरच्यांची पोतडी, गावठी कोंबड्या पाय बांधून, लिंबं, तिळाच्या वड्या, एखादी बकरी, सगळं वेदीपुढे मांडलं जातं आणि उपासना संपली की लिलाव. लिलाव पुकारणारा सहसा तोच असतो जो एरवी प्रवचनात डुलक्या घेतो. आज त्याचा आवाज पत्र्याला भेदतो. बोली तेलुगूत लागते, पावती मराठीत फाटते. बाजारात चाळीसला मिळणारा भोपळा पाचशेवर जातो, कारण दोन मेहुण्यांत चढाओढ लागलेली असते. जिंकलेला मेहुणा भोपळा छातीशी धरून उभा राहतो, सगळ्यांकडे एकदा बघतो आणि म्हणतो, "हा देवालाच. पुन्हा लावा." टाळ्या. भोपळा परत टेबलावर. आता सहाशे. दुसऱ्या मेहुण्याला मोठेपणात मागं राहणं शक्य नसतं, तोही परत करतो. खजिनदार पावतीपुस्तक पालटतो. तिसऱ्यांदा भोपळा ज्या म्हाताऱ्याकडे जातो तो मात्र पिशवी उघडून तो खरोखरच न्यायला निघतो, तेवढ्यात बायकांच्या रांगेतून त्याची बायको ओरडते, "घरी वेलाला सात लागलेत, हा कशाला?" आणि पुकारणारा घसा साफ करून चौथ्यांदा सुरुवात करतो.